हंसाची अंडी उबवताना : मादीची ऊब, यंत्राची ऊब आणि वजनकाटा

अंड्यांसाठी पाळलेली संकरित कोंबडी वर्षाकाठी तीनशेच्या आसपास अंडी देते. त्यांतली चार-सहा वाया गेली, तरी पाळणाऱ्याला त्याचे फारसे सोयरसुतक नसते. हंसाचे गणित निराळे आहे. हंसीण वर्षातल्या ठरावीक हंगामातच अंडी घालते आणि जातीनुसार त्यांची संख्या डझनभरापासून चाळीस-पन्नासपर्यंत असते. त्यांतली काही अफलित निघतात, काही हाताळताना तडकतात. उरलेल्या मोजक्या अंड्यांची उबवणी बिघडली, तर पुढच्या हंगामापर्यंत वाट पाहण्याखेरीज दुसरा उपाय उरत नाही.

कुळागरात, शेतघराच्या आवारात किंवा तळ्याच्या काठी चार-पाच हंस बाळगणारी घरे आपल्याकडे आहेत. हा पक्षी बराचसा गवतावर गुजराण करतो आणि परका माणूस दिसताच गलका करून राखणही करतो. अशा घरांत अंड्यांचा हंगाम आला की एकच प्रश्न उभा राहतो : अंडी मादीखाली ठेवावीत, की यंत्र आणावे? दोन्ही मार्गांनी पिल्ले निघतात. मात्र यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकेतले आकडे आपल्या किनारपट्टीच्या हवेत जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि बहुतेक अपयशाचे मूळ तिथेच असते. त्यावरचा उपाय स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याइतका साधा आहे. तो समजून घेण्यासाठी हंसीण घरट्यात नेमके काय करते, हे आधी पाहिले पाहिजे.

नेमका कोणता पक्षी?

बोलण्यात आपण ‘हंस’, ‘राजहंस’ आणि ‘बदक’ हे शब्द सैलपणे वापरतो. उबवणीच्या दृष्टीने हा सैलपणा महागात पडतो, कारण प्रत्येक पक्ष्याचे दिवस वेगळे असतात. कोंबडीचे पिल्लू २१ दिवसांत बाहेर येते, साध्या बदकाचे २८ दिवसांत, मस्कोव्ही बदकाचे सुमारे ३५ दिवसांत, तर हंसाचे २८ ते ३४ दिवसांत.

चोचीच्या मुळाशी, कपाळावर ठळक गाठ असलेला लांब मानेचा हंस चिनी जातीचा असतो. पूर्व आशियातल्या एका रानहंसापासून माणसाने ही जात घडवली. एम्डेन, टुलूझ यांसारख्या जाडजूड युरोपीय जाती मात्र कलहंसापासून निपजल्या. आपल्या देशातही हंसपालनाची जुनी परंपरा आहे. काश्मीर खोऱ्यातल्या सरोवरांच्या परिसरात पाळल्या जाणाऱ्या ‘काश्मीर अंझ’ या हंसाची कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

हलक्या चिनी हंसाचे अंडे साधारण १२० ते १५० ग्रॅम भरते, भारी जातींचे २०० ग्रॅमपर्यंत जाते. कोंबडीचे अंडे ५५-६० ग्रॅमचे असते. म्हणजे हंसाचे अंडे दुपटी-तिपटीने मोठे आहे. आकार वाढला की आतल्या ऐवजाच्या मानाने कवचाचा पृष्ठभाग कमी पडतो. त्यामुळे अशा अंड्यातून उष्णता आणि बाष्प बाहेर पडण्याचा वेग वेगळा असतो. कोंबडीची अंडी उत्तम उबवणारे यंत्र हंसाच्या अंड्यांवर अडखळते, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

उबवणीच्या आधीचे आठ दिवस

उबवणीचे निम्मे यश अंडे यंत्रात जाण्याआधीच ठरलेले असते. पहिल्या वर्षीच्या माद्यांची अंडी लहान असतात आणि त्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाणही कमी असते. दुसऱ्या वर्षापासून ते सुधारते. भारी जातींत एका नरामागे दोन-तीन, तर चिनी जातीत चार-पाच माद्या असाव्यात. हंसांचा समागम पाण्यात अधिक सुलभ होतो. त्यामुळे अंगणात निदान एखादे उथळ टाके असणे हिताचे.

अंडी सकाळ-संध्याकाळ गोळा करावीत आणि त्यांवर पेन्सिलीने तारीख लिहावी. शाई कवचाच्या रंध्रांतून आत झिरपू शकते. घाण लागलेले अंडे कोरड्या, खरखरीत फडक्याने हलकेच पुसावे. धुणे अगदी अटळ असेल, तर पाणी अंड्यापेक्षा कोमट हवे. गार पाण्यात अंडे टाकले की आतला ऐवज आकसतो आणि रंध्रांवाटे बाहेरची घाण, जंतूंसह, आत ओढली जाते. तडा गेलेली, वेडीवाकडी किंवा अतिशय मोठी अंडी उबवणीला घेऊ नयेत. अतिशय मोठ्या अंड्यात अनेकदा दोन बलक असतात.

साठवणुकीचा भाग आपल्या हवामानात सर्वांत अवघड आहे. उबवणीची अंडी १३ ते १६ अंश सेल्सिअस तापमानात, दमट जागी ठेवावीत आणि शक्यतो सात दिवसांच्या आत उबवणीला लावावीत. त्यानंतर दर दिवसागणिक आतला जीव क्षीण होत जातो. तापमान साधारण २१ अंशांच्या वर गेले की भ्रूणाची वाढ मंदपणे सुरू होते. ही अर्धवट, अडखळती वाढ पुढे मारक ठरते. गोव्यात तर थंडीतही घरातले तापमान दिवसा याच्या बरेच वर असते. म्हणजे फडताळात आठवडाभर ठेवलेली अंडी ‘थांबलेली’ नसतात, ती आतल्या आत अवेळी जागी झालेली असतात. फ्रिजचा नेहमीचा कप्पा चार-पाच अंशांचा, म्हणजे उलट टोकाचा गारठा देतो. कोरड्या प्रदेशात ओल्या वाळूतला माठ छान गारवा देतो. किनाऱ्यावर हवेत आधीच बाष्प भरलेले असल्याने माठातले पाणी पुरेसे उडत नाही आणि गारवाही बेताचाच राहतो. यावर दोनच व्यवहार्य मार्ग आहेत : वातानुकूलित खोलीचा गार कोपरा गाठणे, किंवा तीन-चार दिवसांची अंडी साठताच ती उबवणीला लावणे. साठवणीच्या काळात अंडी आडवी ठेवून रोज एकदा उलटावीत.

हंसीण बसते तेव्हा

अंडी घालून झाली की हंसीण स्वतःच्या छातीची मऊ लव उपटून घरट्यात अंथरते आणि खुडूक होते. लव गेल्याने उघडी पडलेली कातडी थेट अंड्यांना टेकते. कातडीखाली रक्तवाहिन्यांचे जाळे असल्यामुळे अंड्यांना एकसारखी ऊब मिळते. एका मादीखाली तिच्या आकारमानानुसार नऊ ते बारा अंडी मावतात. त्याहून अधिक ठेवल्यास कडेची अंडी गार पडतात, आणि मादी अंडी फिरवत असल्याने रोज वेगवेगळ्या अंड्यांवर ती पाळी येते.

दिवसातून बहुधा एकदा ती उठते, अंडी लवेने झाकते, खाते, पाणी पिते, जमल्यास डुंबते आणि ओलसर पिसांनी परत येऊन बसते. हा काळ थोडाच असतो, पण त्यात दोन गोष्टी साधतात. अंडी काही मिनिटे निवतात, आणि पिसांतला ओलावा त्यांना मिळतो. बसलेली असताना चोचीने अंडी वरखाली करण्याचे काम ती दिवसभर करीत असते. ऊब, फिरवणे, निववणे आणि ओलावा अशी चार कामे ती करते. यंत्र घेणाऱ्याने ही चार कामे मनाशी पक्की ठेवावीत.

मादीला बसवताना काही पथ्ये पाळावी लागतात. घरटे सुमारे दोन-अडीच फूट लांब-रुंद, जमिनीलगत पण पाणी न शिरणाऱ्या उंचवट्यावर, आडोशाला असावे. खाली भाताचा पेंढा घालायचा तर तो कडकडीत वाळलेला हवा. दमट हवेत पेंढ्याला बुरशी लवकर धरते आणि त्या बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसांत जाऊन ती दगावतात. मुंगूस, घोरपड, धामण आणि मोकाट कुत्री यांच्यापासून रात्री बंदोबस्त हवा. दाणा-पाणी घरट्याच्या जवळ ठेवावे, म्हणजे मादी लवकर परतते. दुसऱ्या माद्या त्याच घरट्यात नवी अंडी घालून जातात. त्यामुळे मूळ अंड्यांवर खूण करून बिनखुणेची अंडी रोज काढून घ्यावीत, नाही तर पिल्ले वेगवेगळ्या दिवशी निघतात. पहिली पिल्ले चालू लागली की मादी त्यांच्यामागे घरटे सोडते आणि मागे राहिलेली जिवंत अंडी गारठून मरतात.

हंसीण बसायला तयार नसेल, तर खुडूक कोंबडी किंवा मस्कोव्ही बदक हा जुना पर्याय आहे. कोंबडीखाली चार ते सहा अंडीच ठेवावीत. हंसाचे जड अंडे तिला नीट उलटवत नाही, म्हणून ती दाणा खायला उठेल तेव्हा अंडी आपण हाताने फिरवावीत. शिवाय कोंबडीची बैठक निसर्गतः २१ दिवसांची असते. हंसाच्या अंड्यांसाठी तिला आणखी आठ-दहा दिवस टिकून राहावे लागते, आणि सगळ्याच कोंबड्या तितक्या चिकाटीच्या नसतात.

यंत्र काय करते, काय करीत नाही

कृत्रिम उबवणी ही आजची कल्पना नव्हे. इजिप्तमध्ये मातीविटांच्या भट्ट्यांत हजारोंच्या संख्येने कोंबडीची अंडी उबवण्याची रीत फार प्राचीन आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या भट्ट्यांचे वर्णन आहे. चीनमधले पारंपरिक उबवणीकार अंडे पापणीला टेकवून त्याची ऊब अजमावीत. आजच्या यंत्राने हे काम तापनियंत्रकाकडे सोपवले, इतकाच फरक.

पंखा असलेल्या यंत्रात हंसाच्या अंड्यांसाठी ३७.५ अंश तापमान ठेवावे. पंखा नसलेल्या यंत्रात वर गरम आणि खाली गार असे थर पडतात. तिथे अंड्याच्या माथ्याच्या पातळीवर मोजलेले तापमान ३८ अंशांच्या किंचित वर असावे. यंत्राच्या पडद्यावरील आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. तापाचे खात्रीचे थर्मामीटर आणि यंत्रातला स्वतंत्र तापमापक कोमट पाण्यात एकत्र बुडवून दोघांतला फरक आधी पाहून घ्यावा. अर्ध्या अंशाची चूक महिनाभर राहिली, तर पिल्ले मागे-पुढे निघतात आणि अशक्त होतात. अंडी ठेवण्यापूर्वी यंत्र रिकामेच चोवीस तास चालवून तापमान स्थिर झाल्याची खात्री करावी.

फिरवण्याच्या बाबतीत बाजारातली छोटी यंत्रे हंसाला पुरी पडत नाहीत. कोंबडीच्या अंड्यांसाठी बनवलेली तबके अंड्याला थोडेसे इकडे, थोडेसे तिकडे कलतात. हंसाचे अंडे आडवे ठेवून, अर्धा वळसा देऊन, वरची बाजू पूर्ण खाली करावी लागते. असे न केल्यास वाढता भ्रूण कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटण्याची भीती असते आणि त्याला श्वास पुरवणारे रक्तवाहिन्यांचे जाळे कवचाच्या आतून सर्वदूर पसरत नाही. म्हणून यंत्र स्वयंचलित असले, तरी दिवसातून निदान दोनदा हाताने अर्धा वळसा द्यावा. पूर्णपणे हातानेच फिरवायचे असेल, तर दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम संख्येने फिरवावे. त्यामुळे अंडे दर रात्री एकाच कुशीवर राहत नाही. एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल अशी पेन्सिलीची खूण केली की घोटाळा होत नाही.

निववण्याचे काम आठव्या दिवसाच्या सुमारास सुरू करावे. रोज एकदा झाकण उघडून अंडी पाच-दहा मिनिटे, आणि दुसऱ्या पंधरवड्यात पंधरा-वीस मिनिटे निवू द्यावीत. अंडे पापणीला टेकवले असता ना गरम ना गार असे जाणवले की झाकण लावावे. दुसऱ्या पंधरवड्यात भ्रूण स्वतःच बरीच उष्णता निर्माण करू लागतो. मोठ्या अंड्यातून ती सहज बाहेर पडत नाही. त्या वेळी निववताना कोमट पाण्याचा हलका फवारा मारतात. हे पाणी वाळताना कवचाची उष्णता घेऊन जाते. डुंबून परतलेल्या हंसिणीच्या ओल्या पिसांचीच ही नक्कल आहे.

आर्द्रतेचा घोळ आणि वजनकाटा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हंसाच्या अंड्यांसाठी पहिले चार आठवडे ५० ते ५५ टक्के आर्द्रता ठेवावी, असे पुस्तिका सांगतात आणि त्यासाठी यंत्रातली पाण्याची खाच भरलेली ठेवायला सुचवतात. थंड, कोरड्या देशांत हा सल्ला योग्यच आहे. तिथली थोडे बाष्प असलेली हवा ३७.५ अंशांपर्यंत तापवली की यंत्रात अगदीच कोरडी होते. किनारपट्टीवर वेगळे घडते.

जुलैमधल्या गोव्याच्या हवेचे उदाहरण घ्या. तापमान २७ अंश आणि आर्द्रता ८८ टक्के आहे असे धरा. ही हवा यंत्रात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिच्यातले बाष्प तेवढेच राहते, पण बाष्प धरण्याची तिची क्षमता वाढते. हिशेब केला तर यंत्रातली आर्द्रता ४९ टक्क्यांच्या जवळपास येते. मे महिन्यातली ३१ अंशांची, ७० टक्के आर्द्रतेची हवा तापवली, तरी आकडा जवळजवळ तोच निघतो. म्हणजे पुस्तिकेला जी आर्द्रता हवी, ती पाण्याचा थेंबही न घालता यंत्रात जवळपास आपोआप तयार असते. त्यात पुन्हा खाच भरली की ती साठ-पासष्टच्या पुढे सरकते. जानेवारीतली ३० अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची दुपारची हवा मात्र यंत्रात ४० टक्क्यांपर्यंत उतरते. तेव्हा थोडे पाणी लागते. घाट ओलांडून पूर्वेकडे गेल्यावर, किंवा इंदूर-ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, चित्र पूर्ण उलटते. तिथे खाच कोरडी पडू देणे घातक ठरते.

आर्द्रता जास्त झाल्याने नुकसान कसे होते? उबवणीच्या काळात अंड्यातले पाणी कवचाच्या रंध्रांतून सावकाश उडून जावे लागते. त्यामुळे अंड्याच्या रुंद टोकाची हवेची पोकळी मोठी होत जाते. कवच फोडण्याआधी पिल्लू आपला पहिला श्वास याच पोकळीतून घेते. बाहेरची हवा दमट असेल, तर पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर होते आणि वळायला जागा न मिळाल्याने शेवटच्या दोन दिवसांत आतच मरते. पूर्ण वाढलेले, पण कवचातच मेलेले पिल्लू सापडले, तर सर्वांत आधी संशय या कारणाचा घ्यावा. उलट पाणी फार उडाले, तर पापुद्रा चामड्यासारखा वाळतो आणि अशक्त पिल्लाला तो फाडता येत नाही.

आर्द्रतामापकाचा आकडा हा परिस्थितीचा अंदाज आहे. अंड्याचे वजन हा तिचा परिणाम आहे. म्हणून परिणामच मोजावा. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस अंड्याचे वजन मूळ वजनाच्या सुमारे १४ टक्क्यांनी घटलेले असावे. म्हणजे दररोज अर्धा टक्का. अंडे १५० ग्रॅमचे असेल, तर रोज पाऊण ग्रॅम घट झाली पाहिजे. सातव्या दिवशी ते १४५ ग्रॅमच्या जवळपास, चौदाव्या दिवशी १३९-१४०, एकविसाव्या दिवशी १३४ आणि अठ्ठाविसाव्या दिवशी १२९ ग्रॅमच्या आसपास भरावे.

ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा यासाठी पुरेसा आहे. सगळी अंडी एकत्र तोलून सरासरी काढली तरी चालते, मात्र मधे काढून टाकलेल्या अंड्यांचे वजन हिशेबातून वगळायला विसरू नये. अंडी अपेक्षेपेक्षा जड भरत असतील, तर पाणी बंद करावे आणि हवेची भोके अधिक उघडावीत. हलकी भरत असतील, तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा. इथे खोली महत्त्वाची नसते. उथळ, पसरट भांड्यातून खोल वाटीपेक्षा अधिक बाष्प सुटते. दर चार-पाच दिवसांनी तोलले, तर दुरुस्तीला वेळ मिळतो. शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा तोलून काहीच साधत नाही.

प्रकाशात दिसणारे अंडे

आठव्या ते दहाव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या झोताने अंडी तपासावीत. हंसाचे कवच पांढरे असल्याने आतले चित्र स्पष्ट दिसते. जिवंत अंड्यात गडद ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. सर्वत्र स्वच्छ उजेड दिसला, तर अंडे अफलित असते. शिरा नसून केवळ रक्ताचे कडे दिसत असेल, तर भ्रूण सुरुवातीलाच मेलेला असतो. अशी अंडी काढून टाकावीत. उबेत नासलेले अंडे वायूने फुगून फुटते आणि शेजारच्या अंड्यांना जंतूंचा संसर्ग करते. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दुसरी तपासणी करावी. या वेळी अंडे बहुतेक काळे दिसते आणि हवेच्या पोकळीच्या कडेशी हालचाल जाणवते.

वीज गेली तर

पावसाळ्यात वा वादळात तास-दोन तास वीज गेली, की यंत्र घेतलेल्या माणसाचा धीर सुटतो. घाबरण्याचे कारण बहुधा नसते. झाकण उघडू नये. यंत्रावर चादर टाकावी, हवेची भोके मात्र मोकळी ठेवावीत. हंसाचे मोठे अंडे सावकाश निवते आणि दुसऱ्या पंधरवड्यातली अंडी एकमेकांना ऊब देत राहतात. काही तासांच्या गारव्याने बहुधा पिल्लू निघायला उशीर होतो, इतकेच.

खरा शत्रू गारवा नसून अतिउष्णता आहे. तापमान ४० अंशांच्या वर काही तास राहिले, तर संपूर्ण खेप दगावू शकते. म्हणून यंत्र उन्हाच्या तिरिपेत, पत्र्याच्या छपराखाली किंवा चुलीजवळ ठेवू नये. वीज परत आल्यावर तापमान जरुरीपेक्षा वर जात नाही ना, हे पहिला अर्धा तास जवळ थांबून पाहावे. घरी इन्व्हर्टर असेल, तर छोटे यंत्र त्यावर सहज चालते.

शेवटचे तीन दिवस

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास, चिनी जातीत एक-दोन दिवस आधी, अंडी फिरवणे आणि निववणे बंद करावे. तापमान ३७ अंशांवर आणावे आणि आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांपर्यंत वाढवावी. आतापर्यंत ज्या बाष्पापासून अंडी जपली, तेच आता हवे असते. पिल्लू कवच फोडू लागल्यावर आतला पापुद्रा वाळून त्याला जखडू नये, हा त्याचा हेतू. हवेची भोके पूर्ण उघडी ठेवावीत, कारण पिल्लांना प्राणवायू याच वेळी सर्वाधिक लागतो. खाली खरखरीत फडके किंवा रबरी जाळी अंथरावी. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद कदापि वापरू नये. त्यावर पिल्लांचे पाय फाकतात आणि जन्मभराचे अधूपण येऊ शकते.

पिल्लू आधी हवेच्या पोकळीत चोच घालते. तेव्हा अंडे कानाशी धरले तर आतून टकटक किंवा बारीक चिवचिव ऐकू येते. मग कवचाला पहिला तडा जातो. त्यानंतर बराच काळ काहीच घडत नाही. कोंबडीच्या पिल्लांची सवय असलेला माणूस इथे अधीर होतो. हंसाचे पिल्लू पहिल्या तड्यानंतर एक-दोन दिवस विश्रांती घेते. या काळात कवचाला लगटलेल्या शिरांतले रक्त त्याच्या शरीरात परतते आणि उरलेला बलक पोटात ओढला जातो. याच वेळी मदत म्हणून कवच सोलले, तर शिरा फुटून पिल्लू रक्तस्रावाने मरते. दोन दिवस उलटूनही प्रगती नसेल आणि पापुद्रा पिवळट, कोरडा पडला असेल, तरच तो कोमट पाण्याने ओलावून कवचाचा एखादा तुकडा काढावा. रक्ताचा थेंब दिसताच हात थांबवावा.

पिल्लाची आई कोण?

पिल्लू बाहेर आले, वाळले, उभे राहिले, की यंत्राचे काम संपते. मादीचे काम मात्र तिथून पुढे सुरू होते. ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लोरेंझ यांनी कलहंसाच्या पिल्लांवर केलेली निरीक्षणे या संदर्भात प्रसिद्ध आहेत. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत जो हलता जीव समोर दिसतो, त्यालाच हंसाचे पिल्लू आई मानते आणि त्याच्या मागे चालू लागते. यंत्रातून निघालेली पिल्ले लोरेंझ यांच्याच मागे फिरत. प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चे नोबेल पारितोषिक त्यांना कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्यासह मिळाले.

पाळणाऱ्यासाठी याचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. एकट्या पिल्लाला माणसाचाच लळा लागला, तर ते पुढे कळपात रुळत नाही, आणि वयात आल्यावर माणसाला प्रतिस्पर्धी समजून अंगावर धावूही शकते. म्हणून निदान दोन-तीन पिल्ले एकत्र वाढवावीत. त्याच सुमारास एखादी हंसीण अंड्यांवर बसलेली असेल, तर पहिल्या एक-दोन दिवसांत, रात्रीच्या अंधारात, यंत्रातली पिल्ले हळूच तिच्या पंखांखाली सरकवावीत. सकाळी ती बहुधा त्यांना आपली म्हणून स्वीकारते.

आईविना वाढणाऱ्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास ऊब द्यावी आणि पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी उतरवावी. पिण्याचे पाणी चोच पूर्ण बुडेल इतके खोल असावे, परंतु पिल्लाला त्यात शिरता येऊ नये. आईच्या पिसांतले तेल अंगाला न लागल्यामुळे यंत्रातली पिल्ले लवकर भिजून गारठतात. हंसाच्या पिल्लांना नायसिन या जीवनसत्त्वाची गरज कोंबडीच्या पिल्लांपेक्षा अधिक असते. नुसत्या कोंबडीच्या खाद्यावर वाढवल्यास पाय वाकण्याचा धोका असतो. याबाबत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पूरक मात्रा सुरू करावी.

मग निवड कशी करावी?

घरी दोन-तीन माद्या असतील आणि त्यांतली एखादी शांतपणे बसणारी असेल, तर तिच्यासारखे यंत्र नाही. तिला विजेची, तापमापकाची वा सल्ल्याची गरज लागत नाही, आणि पिल्लांचे पुढचे संगोपनही तीच करते. मात्र बसलेली मादी अंडी घालणे थांबवते. तिची अंडी काढून यंत्रात ठेवत गेल्यास ती आणखी काही काळ अंडी देत राहते. त्यामुळे पिल्लांची संख्या वाढवायची असेल, तर यंत्राचा फायदा निश्चित आहे.

बहुतेक घरांना मधला मार्ग परवडण्यासारखा आहे. हंगामातली पहिली अंडी यंत्रात लावावीत, शेवटचा घोळका मादीखाली ठेवावा. मादीने अर्ध्यावर बैठक मोडली, तर अंडी यंत्रात हलवावीत. यंत्रातली पिल्ले तिच्या पिल्लांच्या वेळीच निघतील असे दिवस जुळवले, तर ती तिच्या हवाली करता येतात. अशा जुळवणीसाठी कॅलेंडरवर दोन तारखांची नोंद आणि दर चार-पाच दिवसांनी काट्यावर एक खेप, एवढीच शिस्त लागते.

या हंगामात एकही पिल्लू निघाले नसेल, तर यंत्र माळ्यावर टाकण्यापूर्वी न फुटलेली अंडी फोडून पाहावीत. पिल्लू सुरुवातीलाच मेले असेल, तर दोष साठवणुकीत वा तापमानात शोधावा. मधल्या काळात मेले असेल, तर फिरवण्यात आणि मादीच्या खाद्यात शोधावा. पूर्ण वाढून, ओलेचिंब, फुगलेले मेले असेल, तर पुढच्या वर्षी पाण्याची खाच कोरडी ठेवून सुरुवात करावी आणि पहिल्या दिवशीच अंड्यांचे वजन लिहून ठेवावे.